चीनचा पेपर सोडू नकोस

चि. सई हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, तिसऱ्या वर्षाला ‘आशियाचा इतिहास’ घ्यायचा की पर्यटनाचा पेपर, ते लवकरच ठरवायचं आहे. आशियाच्या पेपरात निम्मा चीन, त्यातली नावं तोंडात बसत नाहीत, एमपीएससीला त्याचा उपयोग नाही, आणि पर्यटनाला गुण सढळ पडतात. शिवाय, ‘बाबा, ते आपले शत्रूच ना, त्यांचा इतिहास आपण कशाला घोकायचा?’ हे शेवटचं तू हसत म्हणालीस, पण म्हणालीस. आपलं फोनवरचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘पैसे आहेत का’ यांच्यापुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो. आई म्हणते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. एवढं लांबलचक तू तिथं वाचणार नाहीस, अंगठा दाखवून मोकळी होशील.

पर्यटनाच्या पेपराबद्दल मला वाईट काही बोलायचं नाही. पण तुला अधिकारी व्हायचंय. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म काढला, त्यामुळे अधिकारी नावाच्या प्राण्याबद्दल मला थोडंफार कळतं. हा प्राणी चीनमध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं नांदतो आहे. त्याला निवडायचं कसं, त्याने राजाला खरं सांगितलं तर त्याचं काय होतं आणि नाही सांगितलं तर रयतेचं काय होतं, हे सगळं तिथं घडून गेलंय आणि लिहूनही ठेवलंय. तुझ्या क्लासच्या लोकप्रशासनाच्या पुस्तकात व्याख्या भरपूर आहेत. त्या व्याख्यांच्या आतली माणसं मला चीनच्या इतिहासात भेटली.

तुझ्या परीक्षेपासूनच सुरुवात करतो. घराणं आणि वशिला बाजूला ठेवून लेखी परीक्षेने अधिकारी निवडायचे, ही पद्धत चीनने सातव्या शतकाच्या सुरुवातीला, सुई घराण्याच्या काळात सुरू केली आणि थोडेफार खंड सोडले तर १९०५ पर्यंत चालवली. तेराशे वर्षं! अकराव्या शतकात, सोंग घराण्याच्या अमदानीत, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायची रीत पक्की झाली. तेवढ्याने भागेना, कारण परीक्षक अक्षर ओळखायचे. मग सरकारने नकलनवीस बसवले. आलेली प्रत्येक उत्तरपत्रिका ते आपल्या हाताने पुन्हा उतरवून काढायचे आणि परीक्षकापुढे फक्त ती नक्कल जायची. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या कचेरीतल्या नकला विभागाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

नानजिंगला या परीक्षेचं मोठं आवार होतं. वीस हजारांहून जास्त कोठड्या, एकेक माणूस जेमतेम मावेल एवढी. आत दोन फळ्या: दिवसा एक बसायला आणि एक लिहायला, रात्री दोन्ही शेजारी टाकून झोपायला. अंथरूण, शिधा, मेणबत्त्या सगळं आपलं आपण न्यायचं. तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन रात्री आतच. झडती कडक असायची, तरी अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ लिहिलेले अंगरखे घालून लोक जायचेच. तसले अंगरखे आज संग्रहालयांत मांडलेले आहेत. प्रांताच्या परीक्षेत शंभरात एखादा पास व्हायचा आणि पुढची संधी तीन वर्षांनी. मुलींना बसायचीच परवानगी नव्हती, हेही लिहून ठेव. तेराशे वर्षांच्या समान संधीतून निम्मी प्रजा पहिल्याच ओळीत वगळलेली होती.

पास झालेल्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला नापास झालेल्यांच्या जास्त मोलाच्या वाटतात. पू सोंगलिंग नावाचा एक मुलगा होता, जन्म १६४० चा. पहिली पायरी त्याने विशीच्या आतच पहिल्या क्रमांकाने ओलांडली. गावाने मिरवलं असेल. त्यानंतर प्रांताच्या परीक्षेला तो बसत राहिला आणि आयुष्यभर नापास होत राहिला. सत्तरी उलटल्यावर सरकारने त्याला वयाचा मान म्हणून एक किरकोळ पदवी दिली. मधली सगळी वर्षं तो श्रीमंतांच्या घरी मुलांची शिकवणी करायचा आणि रात्री भुताखेतांच्या, कोल्ह्यांच्या मायावी बायकांच्या गोष्टी लिहायचा. अशा जवळपास ५०० गोष्टी त्याने लिहिल्या आणि त्यांत आंधळ्या परीक्षकांना चिमटेही काढले. त्याला नापास करणाऱ्या परीक्षकांची नावं आज अभ्यासकांखेरीज कुणाला ठाऊक नाहीत.

दुसरा होंग शिउछुआन. दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा, अख्ख्या कुळाची भिस्त त्याच्यावर. चार वेळा नापास. १८३७ च्या अपयशानंतर तो आजारी पडला आणि तापात त्याला दृष्टान्त झाले. पुढे १८४३ मध्ये शेवटचा प्रयत्नही फसला आणि हाताला लागलेल्या एका ख्रिस्ती पुस्तिकेवरून त्याने त्या दृष्टान्तांचा अर्थ लावला: आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत! १८५१ मध्ये त्याने आपलं ‘स्वर्गीय राज्य’ जाहीर केलं, १८५३ मध्ये नानजिंग घेतलं. १८६४ पर्यंत चाललेल्या त्या यादवीत किमान दोन कोटी माणसं मेली असं मानतात. हे सगळं एका परीक्षेमुळे झालं असं म्हणणं पोरकट होईल. दुष्काळ होता, जमिनीवरचा ताण होता, ईशान्येकडून येऊन गादी बळकावलेल्या मांचू राज्यकर्त्यांबद्दलचा राग होता. पण शिकलेल्या, नाकारलेल्या आणि गावी तोंड दाखवायची सोय न उरलेल्या तरुणांचा एक मोठा वर्ग त्या देशात तयार झाला होता, हे त्यामागच्या कारणांपैकी एक नक्की होतं. सदाशिव पेठेतल्या तुझ्या अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर बसणारा तो लातूरचा मुलगा, ज्याचा हा कितवा प्रयत्न ते तूही विचारत नाहीस, त्याच्यासारख्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे आत्ता उभा राहतो आहे. चीनने तो कित्येक शतकं हाताळला, बहुतेक वेळा वाईटच.

आणि ही गोष्ट आपल्यापासून वाटते तेवढी लांब नाही. त्याच सुमारास इंग्रज चीनशी दुसरं अफूयुद्ध (पहिल्याची गोष्ट पुढे येते) खेळायला निघाले होते. १८५७ मध्ये लॉर्ड एल्गिनबरोबर चीनकडे निघालेली पलटण वाटेतूनच कलकत्त्याकडे वळवली गेली, कारण इथं उठाव पेटला होता. आपण १८५७ शिकतो तेव्हा त्या फौजा कुठं निघाल्या होत्या हे कुणी सांगत नाही. त्याच दशकात लंडनमध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी खुली स्पर्धा परीक्षा आली, १८५५ साली. अधिकारी परीक्षेने निवडावेत की नाही यावर इंग्लंडात जो वाद झाला त्यात चीनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जात होतं. चीनचा प्रभाव किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तू जी परीक्षा देणार आहेस तिच्या वंशावळीत कुठंतरी ती नानजिंगची कोठडी आहे, असं म्हणायला जागा आहे. ‘एमपीएससीला उपयोग नाही’ हे तुझं वाक्य मला म्हणूनच गमतीचं वाटलं.

आता पास होऊन खुर्चीवर बसलेल्यांकडे ये. सोळाव्या शतकात मिंग घराण्याच्या काळी हाय रुई नावाचा अधिकारी होऊन गेला. सर्वांत वरची परीक्षा त्यालाही जमली नव्हती. एका लहानशा गावी शिक्षक म्हणून त्याची नोकरी सुरू झाली. १५६६ मध्ये त्याने बादशहाला लेखी कळवलं की तुम्ही अमर होण्याच्या नादात राज्याकडे पाठ फिरवली आहे आणि प्रजा तुम्हाला कंटाळली आहे. बादशहा भडकला, म्हणाला, धरा त्याला, पळून जाईल. तेव्हा दरबारातल्या एकाने सांगितलं की तो पळायचा नाही, त्याने स्वतःची शवपेटी आधीच विकत आणून ठेवली आहे. त्याला कैद झाली आणि बादशहा वारल्यावर तो सुटला. तुला रामशास्त्री प्रभुणे आठवले ना? नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे. आपल्याकडे रामशास्त्री एकच, म्हणून आपण त्यांची गोष्ट सणासारखी सांगतो. चीनमध्ये राज्यकर्त्याला लेखी कानपिचक्या देणं हे काही अधिकाऱ्यांचं नेमून दिलेलं काम होतं, त्यासाठी वेगळं खातं होतं. त्या खात्यातल्या पुष्कळांनी फटके खाल्ले, काहींनी जीव दिला, आणि अर्थातच बाकीच्यांनी गप्प बसून पगार घेतला.

हाय रुईचं हे प्रकरण चारशे वर्षांनी पुन्हा वर आलं, आणि त्यासाठी मला तुला दुष्काळाबद्दल सांगायला हवं. हा भाग मी सावकाश लिहितो, कारण तो माझ्या खात्याचा आहे.

१९५८ मध्ये माओने ‘मोठी झेप’ पुकारली. शेती सामुदायिक, स्वयंपाकघरं सामुदायिक, आणि पोलाद गावोगावच्या भट्ट्यांत, घरातली भांडी वितळवूनसुद्धा. वरून उद्दिष्ट आलं की खालचा अधिकारी ते वाढवून सांगायचा, शेजारच्या जिल्ह्याने वाढवलं की हा आणखी वाढवायचा. एका शेतात चार शेतांचं भात उपटून दाटीने लावायचं, त्यावर मुलांना उभं करून फोटो काढायचा, इथवर मजल गेली. त्या वर्षी देशाचं धान्य साडेसदतीस कोटी टन झालं असं जाहीर झालं. पुढे खुद्द सरकारनेच तो आकडा उतरवत उतरवत वीस कोटींवर आणला. पण सरकारी वसुली ठरली होती ती फुगवलेल्या आकड्यांवर. म्हणजे जे पिकलंच नव्हतं त्याचा वाटा गावाकडून घेतला गेला आणि खायचं धान्य गाडीत चढलं. निर्यातही चालू राहिली. १९५९ ते १९६१ या काळात किती माणसं भुकेने मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत.

सई, मी हयातभर पैसेवारीचे, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजाचे, तक्ते पाहिलेत. पैसेवारी पन्नासच्या आत आली की गाव टंचाईच्या यादीत जातं, वर राहिली की जात नाही. त्या एका आकड्यासाठी कचेरीच्या ओसरीवर माणसं दिवस दिवस बसून राहतात, आणि आकडा खाली आणायलाही दडपण असतं, वर ढकलायलाही. चीनमधल्या त्या तालुक्याच्या कारकुनाने ते खोटे आकडे लिहिताना काय विचार केला असेल, हे मला वाचताना समजत होतं. त्याच्या वरच्याला घाबरून त्याने लिहिले, वरच्याने त्याच्या वरच्याला घाबरून सही केली. १९५९ च्या जुलैमध्ये लुशानला झालेल्या पक्षाच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी माओला खासगी पत्र लिहून हे चुकतंय असं सुचवलं. माओने ते पत्र छापून बैठकीत वाटलं. पेंग यांचं पद गेलं, आणि ज्यांच्या मनात तसंच काही होतं त्यांनी तोंडं मिटली. दुष्काळाचं सर्वांत वाईट वर्ष त्यानंतर आलं.

१९६१ मध्ये वू हान या इतिहासकाराने हाय रुईवर नाटक लिहिलं. बड्या जमीनदारांनी बळकावलेल्या जमिनी शेतकऱ्यांना परत द्यायला लावल्या म्हणून पदावरून काढलेला अधिकारी. हा हाय रुई म्हणजे पेंगच, असा अर्थ काढून १९६५ मध्ये त्या नाटकावर हल्ला झाला आणि जुने विचार आणि विरोधक मोडून काढायला माओने पुकारलेल्या सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तिथंच पडली. वू हान १९६९ मध्ये कैदेत वारले. सोळाव्या शतकातल्या एका अधिकाऱ्यावरून विसाव्या शतकात माणसं तुरुंगात जातात, इतका इतिहास तिथं जिवंत आहे.

आता आपला ७२ चा दुष्काळ आठव. तू पाहिला नाहीस, पण आजीकडून ऐकलायस. आजी नवी नवरी, आणि सोलापूर जिल्ह्यात विहिरी कोरड्या ठाक. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, सुकडी मिळायची, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाव्या लागायच्या. त्या भाकरीला ती अजून शिव्या देते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल अतोनात झाले, गुरं गेली, घरं मोडली, पण माणसं चीनसारखी मेली नाहीत. कारण मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं बोंब मारत होती, आमदार विधानसभेत उठून भांडत होते, आणि खोटा आकडा दिला तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो खोडून काढत होतं. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात रुजली. अमर्त्य सेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राचं हे उदाहरण जगापुढे मांडलं. मात्र तेच सेन दुसऱ्या हाताने हेही सांगतात की रोजची उपासमार, बालमृत्यू, शाळा आणि दवाखाने यांच्या बाबतीत चीन त्या दशकांत आपल्या पुढे निघून गेला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चीन शिकल्याशिवाय यातली एकही मला नीट कळली नसती, कारण शेजारी दुसरा तक्ता ठेवल्याशिवाय आपल्या तक्त्यातला आकडा मोठा की लहान हे कळत नाही.

रोज तू ससून हॉस्पिटलवरून जातेस. ते ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं त्या डेव्हिड ससून यांच्या संपत्तीत चीनला विकलेल्या अफूचा मोठा वाटा होता. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं, ते जमशेटजी जीजीभॉय चीनच्या व्यापारातच मोठे झाले. माळव्याची अफू मुंबईच्या आणि दमणच्या बंदरांतून चीनला जायची. १८३९ मध्ये लिन त्सेश्यू या अधिकाऱ्याने (पुन्हा अधिकारी!) ग्वांगझूजवळ वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त केली, मीठ आणि चुना घालून खंदकांत कालवली आणि समुद्रात सोडली. समुद्र घाण होणार म्हणून त्याने आधी समुद्राच्या देवतेची लेखी क्षमाही मागितली. इंग्लंडने याबद्दल युद्ध केलं, तेच पहिलं अफूयुद्ध. १८४२ च्या नानजिंगच्या तहात चीनने हाँगकाँग गमावलं, पाच बंदरं उघडली आणि वर दंड भरला. हा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या युद्धनौकेवर झाला ती मुंबईच्या गोदीत, सागवानी लाकडात, वाडियांनी बांधलेली होती.

साम्राज्याने आपल्याला लुटलं एवढंच आपण शिकतो, आणि ते खरंच आहे. पण त्या साम्राज्याच्या बोटीतून आपली अफू आणि आपले शिपाई दुसऱ्याच्या किनाऱ्यावर उतरले, हे चिनी शाळकरी पोराला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. अफूयुद्धापासून १९४९ पर्यंतचा काळ त्यांना ‘अपमानाचं शतक’ म्हणून शिकवला जातो, आणि आजच्या त्यांच्या नेत्यांची भाषणं त्या शतकाशिवाय कळतच नाहीत. लिन त्सेश्यूचं काय झालं? युद्ध हरल्याचं खापर त्याच्यावर फुटलं, त्याला हजारो मैल दूर शिनजियांगला पाठवलं, तिथं त्याने पाटबंधाऱ्यांची कामं केली. मला त्याची एक सवय फार आवडते. ग्वांगझूला असताना त्याने माणसं बसवून इंग्रजी वर्तमानपत्रांचे चिनी तर्जुमे करून घेतले. बाकीचा दरबार इंग्रजांना रानटी म्हणून हसत होता तेव्हा हा रोज त्यांची वर्तमानपत्रं वाचत होता. तुझ्या ‘शत्रूचा इतिहास कशाला’ या प्रश्नाला मी वेगळं उत्तर देत बसत नाही.

१९६२ विसर असं मी कधीच म्हणणार नाही, आणि २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले तेव्हा आपल्या घरी दोन दिवस टीव्ही बंद झाला नव्हता. पण त्याच ६२ मध्ये आसाम, बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना आपल्या सरकारने उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काही जण तिथं वर्षानुवर्षं अडकले. हेही त्याच धड्यात यायला हवं.

आता जरा बऱ्या गोष्टी. शाळेत तू युआन श्वांग पाठ केला होतास. सातव्या शतकात महाराष्ट्रात आला, लोकांना स्वाभिमानी म्हणाला, संपलं. त्याने लिहिलंय ते जास्त चवदार आहे. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी बजावून मग घेतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, त्याला बायकी कपडे देतात. लढाईला जाण्याआधी शूर लोक दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात! ही शेवटची ओळ आमच्या गुरुजींनी कधी सांगितली नाही. डोंगरातल्या एका विहाराचं, दाराशी असलेल्या दगडी हत्तींचं वर्णन त्याने केलंय, ते अजिंठ्याचंच असावं असं मानतात.

तो बंदी मोडून, चोरून देशाबाहेर पडला होता. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. बादशहाने त्याला अधिकारपद देऊ केलं. ते त्याने नाकारलं (सगळ्यांनीच अधिकारी व्हायला हवं असं नाही, हेही बाप म्हणून सांगून ठेवतो) आणि ६६४ मध्ये मरेपर्यंत भाषांतर करत बसला. त्याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी नेलेले कितीतरी संस्कृत ग्रंथ आपल्याकडे नाहीसे झाले आणि आज फक्त चिनी भाषांतरात उरलेत. तुझ्याच पुण्यात पु. वि. बापटांसारख्या विद्वानांनी त्यासाठी चिनी शिकून घेतलं. आपल्या घराचे कागद शेजाऱ्याच्या कपाटात असतील तर शेजाऱ्याशी पटो न पटो, त्याची लिपी वाचता यायलाच हवी.

आणि कोटणीस. त्यांच्या घरावरून तू सायकलने क्लासला जायचीस. सोलापुरात १९१० चा जन्म, मुंबईत डॉक्टरकी, आणि १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनसाठी पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते. बाकीचे परतले. कोटणीसांनी तिथली भाषा शिकून घेतली, त्या भाषेत शिकवलं, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने गेले, वय ३२. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आणि पुतळा आहे, तिथं आजही फुलं वाहिली जातात. आपण मात्र त्यांच्यावरचा सिनेमा आठवतो आणि सिनेमात ते ज्या देशात आहेत त्या देशाबद्दल काही विचारत नाही.

अभ्यास कसा करावा हे मी तुला शिकवायला नको, पण दोन गोष्टी सांगतो. चीनचा इतिहास तिथल्या सरकारांनीच पिढ्यान्‌पिढ्या लिहवून घेतला आहे. नवं घराणं गादीवर आलं की जुन्याचा इतिहास ते लिहवणार, त्यामुळे बऱ्याच घराण्यांचा शेवटचा राजा बदफैली आणि निर्दय निघतो. ते सगळंच खरं धरून वाचू नकोस. आजचं सरकारही त्याच चालीचं आहे. १९८९ मध्ये तियानमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन लष्कराने गोळ्या झाडून मोडलं, ते तिथल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडे उलट दुखणं, एवढे कागदच नाहीत. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते म्हणून थोडं वाचलं. दुसरं, सिमा छियानबद्दल जे मिळेल ते वाच. इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातला दरबारी इतिहासकार. शत्रूला शरण गेलेल्या एका सेनापतीची त्याने बाजू घेतली आणि बादशहाने त्याला देहान्त सुनावला. दंड भरून ती शिक्षा टाळता यायची, पण त्याच्याकडे पैसे नव्हते. अब्रूदार माणसाने अशा वेळी आत्महत्या करावी अशी रीत होती. त्याने त्याऐवजी खच्ची होण्याची शिक्षा पत्करली, कारण बापाने मरताना हातात दिलेलं इतिहासाचं काम अर्धं राहिलं होतं. ते त्याने पुरं केलं, १३० प्रकरणं. त्यात राजे आहेत तसे व्यापारी, मारेकरी, विदूषक, आणि क्रूर अधिकाऱ्यांवर एक अख्खं वेगळं प्रकरण आहे. ते प्रकरण नोकरी लागण्याआधी वाच.

नावांची काळजी करू नकोस. पहिले पंधरा दिवस सगळी सारखी वाटतात, मग माणसं ओळखीची झाली की नावं आपोआप बसतात. नकाशा काढून पीत नदी आणि यांगत्से एवढ्या दोन नद्या आधी डोक्यात घाल. आणि आकडे टिपताना ते कुणी दिले, कुणाला दिले, हे समासात लिहीत जा. ती सवय तुला पुढे आमच्या खात्यात लागेल.

फॉर्म भरलास की कळव. गुण पाच-सात कमी पडले तर मी काही बोलणार नाही, आईची समजूतही मीच घालीन. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी एसटीने आलेल्या पोराच्या हाती पाठवतोय. मैत्रिणींना दे, नाहीतर एकटीच संपवशील.

तुझे
बाबा

ता. क. क्लासच्या खाली उभ्या असलेल्या गाडीवरचं मंचुरियन चीनच्या अभ्यासात धरलं जाणार नाही. ते मुंबईत जन्मलेलं आहे असं म्हणतात. आठवड्यातून एकदा पुरे.